पदराखाली

काळा कोट अंगात घालून शैलाने तो छातीवर घट्ट ओढला आणि मगच दाराची कडी काढली. त्या दिवशी कोर्टात जायचं नव्हतं. उकाडा तर असा, की खालच्या छापखान्यातल्या शाईचा वास अंगाला चिकटून बसावा. पण दारापलीकडे एक तान्हं मूल रडत होतं, आणि त्याचं रडणं जिन्यात शिरल्यापासून तिचं पोलकं भिजत चाललं होतं.

दारात सुंदराबाई उभी होती. लालबागच्या चाळीतली, मूळ मालवणकडची, कपाळ उघडं, पदर कमरेला खोचलेला. खांद्यावर नातू, लवू. तो आता धड रडतही नव्हता, घसा बसलेल्या माणसासारखा नुसता कण्हत होता. तिच्यामागे सोबतीला म्हणून आलेली शेजारीण रखमा. सोबतीला आणि चाळीत सांगायला.

"पोर दूध घेणा नाय," सुंदराबाई म्हणाली. "गायचा नाय, शेळयेचा नाय. कापसाच्या बोळ्यान घातलंय तर भायर काढता."

शैलाने सुंदराबाईला आत घेतलं; रखमा जिन्याच्या तोंडाशीच थांबली. परळच्या त्या छापखान्याच्या माडीवर नागरिक हक्क साहाय्य समितीची एवढी एकच खोली होती. मोर्चात, सत्याग्रहात पकडलेल्या माणसांसाठी समिती कोर्टात उभी राही. म्हणजे समितीचे रघुवीर प्रधान उभे राहात आणि शैला त्यांच्यामागे कागद धरून. पण महिन्यापूर्वी प्रधानसाहेबांनाच स्थानबद्ध केलं, आणि तेव्हापासून समिती म्हणजे शैला, एक टाइपरायटर आणि चहा करणारा म्हातारा शिपाई रामजी. नलूच्या जन्मानंतर ती नुकतीच कामावर परतली होती. नवरा म्हणत होता, मुलींच्या शाळेत जागा निघालीय, पोर मोठी होईपर्यंत तरी घे. तो काही चुकीचं बोलत नव्हता. सोमवारची तारीख झाली की सांगते, असं तिने त्याला सांगून ठेवलं होतं.

सोमवारची तारीख बकुळाची होती. सुंदराबाईच्या सुनेची.

तीन दिवसांपूर्वी जमावबंदी मोडून लालबागच्या बायकांनी मोर्चा काढला होता. संयुक्त महाराष्ट्रासाठी गोळीबारात गेलेल्यांच्या तसबिरी हातात घेऊन, घोषणा न देता, नुसत्या चालत. बकुळाच्या हातात तिच्या धाकट्या दिराची, शिवाची तसबीर होती. एरवी पोलीस बायकांना गाडीत घालत, मुलुंडच्या पलीकडे कुठेतरी नेऊन सोडून देत, आणि दिवेलागणीला सगळ्या गाणी म्हणत परत येत. त्या हिशेबाने बकुळाने पोराला सासूच्या मांडीवर ठेवलं होतं. आलेच मी, म्हणाली होती.

या खेपेला सोडलं नाही. दुसऱ्या दिवशी कोर्टात मॅजिस्ट्रेटनी सांगितलं, झाल्या प्रकाराचा खेद आहे आणि पुन्हा असं करणार नाही, एवढं लिहून द्या आणि घरी जा. बायकांची घरं होती, पोरंबाळं होती. एकेकीने अंगठा उठवला. बकुळाची पाळी आली तेव्हा तिने दोन्ही हात पाठीमागे नेले.

"शिवा गेला त्याचा खेद मी त्यांना लिहून देऊ?" तिने शैलाला विचारलं होतं, हळू, खरोखरच समजून घ्यायचं असल्यासारखं.

सुंदराबाई बाकावर बसली. नातवाला तिने मांडीवर आडवं घेतलं. त्याच्या ओठांवर पांढरी पापडी धरली होती.

"तुमी तुरुंगात जातास मां तिका भेटूक? तिका सांगा, लवूचा तोंड सुकला म्हणान. ती सही करतली."

शैलाने तिला सांगितलं की दुसरा मार्ग आहे. तान्ह्या मुलाला आईजवळ तुरुंगात ठेवता येतं. अर्ज तिने टाइप करून ठेवलाय, आजच्या आज देते. ती बोलत होती तोवर सुंदराबाईने नातवाच्या अंगावरचं फडकं नीट केलं, मग पुन्हा नीट केलं.

"एक झिल माझो, शिवा, तसबिरीत गेलो," ती म्हणाली. "ह्येका मी तुरुंगात धाडूचंय नाय."

त्यापुढे वाद नव्हता.

प्रधानसाहेबांचा एक नियम होता. नव्या वकिलाला ते पहिल्या दिवशी तोच सांगत: अशिलाच्या वतीने बोला, अशिलाच्या जागी जाऊन बसू नका. आणि अशिलापासून काही लपवू नका. शैलाला तो नियम सोपा वाटला होता. आता समोर हे पोर होतं. बकुळाला सांगितलं नाही तर ती फसवणूक. आणि सांगितलं, तर कुठल्या आईचे हात पाठीमागे राहतील? ती सही करील. कुणी तिचा हात पिरगळला नाही, असं सगळ्यांना म्हणता येईल. आणि तो एक शब्द, खेद, पुढच्या आठवड्यात आणखी कुणापुढे सरकवला जाईल. बायका असं लिहून देतातच म्हणून.

मूल कण्हलं. शैलाच्या छातीत कळ आली.

तिने कोट काढून खुर्चीच्या पाठीवर टाकला.

"इकडे द्या त्याला."

सुंदराबाईने तिच्याकडे पाहिलं. ओल्या पोलक्याकडे, मग चेहऱ्याकडे. बराच वेळ.

"तुमच्यात चालता?"

शैलाच्या ध्यानात यायला क्षणभर लागला. चष्मा, काळा कोट, कॉलेजातली भाषा, प्रधानांच्या खुर्चीत बसलेली बाई. हिने आपल्याला ब्राह्मणांतलीच समजलंय. दुरुस्त करायला एक वाक्य पुरे होतं. ते वाक्य तिने आजवर कॉलेजात म्हटलं होतं, बाररूममध्ये पाण्याच्या माठाशी उभं राहून म्हटलं होतं, आणि बाबासाहेब गेले त्या डिसेंबरात दादरच्या चौपाटीवर, पोटात नलू असताना, लाखो माणसांबरोबर बुद्धाला शरण जाताना तर मोठ्याने म्हटलं होतं. पण लवूचं तोंड आता वाऱ्यावर काहीतरी शोधत होतं.

"चालतं," ती म्हणाली.

तिने टेबलाकडे पाठ केली आणि त्याला पदराखाली घेतलं. आधी त्याने तोंड फिरवलं. वास वेगळा होता, माणूस वेगळं होतं. तिने त्याच्या गालाला बोट लावलं, नलूला लावी तसं. मग एकदम त्याने धरलं, असं घट्ट, की तिच्या पायाची बोटं आखडली.

सुंदराबाईने दार अर्धं ओढून घेतलं आणि उंबऱ्यात आडवी बसली. बाहेर राहिलेल्या रखमाने मान लांब केली.

"वकिलीण पाजता?"

"बामणाची बाय आसा ती," सुंदराबाई म्हणाली. "बामणाचा दूध. काय वायट?"

"मग काय! पोरगो आता विंग्रजीत रडतलो."

दोघी हसल्या. शैला पाठमोरी होती. तिला सगळं ऐकू येत होतं, आणि दुधाचा एकेक घोट त्या कोवळ्या घशातून उतरताना ऐकू येत होता. तिने पदर थोडा आणखी ओढला.

*

नायगावच्या बीडीडी चाळीत तिची आई नलूला सांभाळी. दुपारी शैला धावत घरी येई, पाजून पुन्हा परळला जाई. त्या दुपारी नलूने थोडा वेळ ओढलं आणि सोडून देऊन ओरडली. शैलाने तिची मांडी दाबून पाहिली, दंड दाबून पाहिला. काल होती तेवढी गुबगुबीत आहे ना? की डोळ्यांखाली काळं दिसतंय? ओठ सुकलेत?

"काय तपासतेस बैल बाजारातला तपासावा तशी?" आई म्हणाली. तिचं नाव लक्ष्मी. अर्धं आयुष्य गिरणीत वाया गेलेला कापूस निवडण्यात गेलेलं. डोळ्यांत अजून तंतू असल्यासारखी ती ते बारीक करून बघे.

शैलाने सांगून टाकलं. लवूचं, बकुळाचं, आणि उंबऱ्यातलं ते बोलणंही.

लक्ष्मी काही वेळ पायाने पाळणा हलवत राहिली.

"तुझा बा जन्मभर सूत काततच ऱ्हायला," ती म्हणाली. "साच्यावर जायचं म्हनून कितींच्या पाया पडला. का घेतलं न्हाय, ठावं हाय ना?"

शैलाला ठाऊक होतं. चाळीतल्या प्रत्येक पोराला ठाऊक होतं. साचेवाला, म्हणजे विणकर, मागातून धावणाऱ्या धोट्याच्या भोकाशी तोंड लावी आणि श्वासाने धागा बाहेर ओढून घेई. तोच धोटा पुढच्या पाळीला दुसऱ्या तोंडात. म्हणून विणाई खात्याच्या दारातून शैलाच्या जातीच्या माणसांना, अस्पृश्यांना, आत घेत नसत. सुंदराबाईचा थोरला मुलगा, बकुळाचा नवरा धोंडू, साचेवाला होता.

"धोट्याला आपलं त्वांड चालत न्हाय," लक्ष्मी म्हणाली. "आन् पोराच्या तोंडाला आपलं दूध चालतंय. व्हय?"

"तिला ठाऊक नाही, आई."

"मंग सांग. लपवून पाजलेलं दूध अंगी लागत न्हाय."

"आणि सांगितल्यावर उद्यापासून तिने आणलंच नाही तर?"

लक्ष्मीचा पाय थांबला. ती पाळण्यात बघत राहिली. मग पुन्हा हलवू लागली. काही वेळाने उठून तिने नाचणीची भाकरी आणि वर दुप्पट गूळ लेकीपुढे सरकवला.

"खा. दोघांचं खा."

*

सुंदराबाई रोज येऊ लागली. सकाळी कचेरी उघडताना एकदा, उन्हं कलल्यावर एकदा. रात्रीपुरतं पोर आता शेळीचं दूध चमच्याने थोडंफार घेऊ लागलं होतं. पोटाला आधार मिळाला की त्याची समजूत निघते, असं ती म्हणे. येताना पदराखाली झाकून पितळेची वाटी आणी. अळिवाची खीर, खोबरं घातलेली. वाटी रिकामी होईपर्यंत समोर उभी राही.

"खा गो बाय. छातयेत दूध काय आकाशातसून पडता?"

पहिल्या दिवशीचं 'तुमच्यात' दुसऱ्या दिवशी गळून पडलं होतं. आता सगळं 'तू' आणि 'गो बाय'. शैला खीर खाई आणि प्रत्येक घासाला तिला वाटे, ही माझ्या नावाची नाही. वाटी रामजी धुवायला घेऊ लागला, तर सुंदराबाईने त्याच्या हातातून काढून घेतली. पदराने पुसली आणि परत घरी नेली. तिच्या घरात, तिच्या इतर भांड्यांत. हेही शैलाने पाहून ठेवलं. पाहून ठेवण्याची तिला सवयच होती. आई झाल्यापासून तर ती जिथे तिथे धोका शोधी: पाळण्याच्या गाठीत, स्टोव्हच्या दांडीत, माणसांच्या बोलण्याच्या मध्ये राहिलेल्या जागेत.

शनिवारी ती तुरुंगात गेली. बकुळा जाळीपलीकडे येऊन बसली. पोलक्यावर दोन ओले डाग होते, तेही आता वाळून कडक झालेले. ती बारीक दिसत होती.

शैलाने नियमाप्रमाणे सगळं सांगितलं. लवू बाहेरचं दूध घेत नव्हता. आजी त्याला इथे पाठवायला तयार नाहीत. सोमवारी खेद लिहून दिला तर त्याच दुपारी घरी जाता येईल. नाही दिला, तर मी भांडेन, पण मॅजिस्ट्रेट काय म्हणतील सांगता येत नाही.

बकुळाने जाळीत बोटं अडकवली.

"घेत नव्हता म्हणजे? आता घेतो?"

"घेतो."

"कुणाचं?"

"माझं," शैला म्हणाली. "मलाही लहान मुलगी आहे."

बकुळा एकदम खाली बघू लागली. तिच्या खांद्यांवरून कळत होतं, रडतेय. शैलाने घाई केली नाही. मग पदराने नाक पुसून बकुळाने विचारलं, "पोट भरतं त्याचं?"

"झोपतो नंतर. उजव्या कुशीवर. मूठ कानाशी धरून."

"हां," बकुळा म्हणाली. "तसाच." पहिल्यांदा हसली. आणि मग हसू विझलं. "वकीलबाई, मी तुम्हाला ओळखते. नायगावच्या मैदानात तुम्ही भाषण केलं होतं ना, बाबासाहेबांच्या सभेत? आम्ही गिरणीतल्या बायका बाहेर उभ्या होतो."

शैलाने होकार दिला.

"आत्याबाईंना ठाऊक आहे?"

"नाही. त्यांना वाटतं—"

"वाटू दे." बकुळाचा आवाज उतरला. "मला काही नाही हो. तुमची शप्पथ, काही नाही. पण आत्याबाई जुन्या. त्यांना कळलं आणि त्यांनी लवूला आणलं नाही, तर मला सही करावी लागेल. सोमवारपर्यंत नका सांगू. एवढं कराल?"

अशिलाची सूचना. शैलाने मान हलवली. लागलं तिला, नाही असं नाही. पण समोर बसलेली बाई दुखावण्यासाठी बोलत नव्हती. जे घरात होतं तेच तिने सांगितलं होतं, अंगणात खड्डा आहे, जपून या, असं सांगावं तसं.

"तुम्ही माझ्या जागी असता तर सही केली असती?" उठताना बकुळाने विचारलं.

ओठांवर उत्तर आलं होतं. दोन उत्तरं आली होती, आणि दोन्ही खरी होती.

"मी तुमच्या जागी नाही," शैला म्हणाली. "मी तुमच्या बाजूला आहे. तुम्ही ठरवाल ते मी कोर्टात बोलेन."

बकुळाने जाळीतून बोटं काढून घेतली आणि हात मांडीवर ठेवले.

"मग नाही देत लिहून."

*

सोमवारी कोर्टात पंखा होता, पण तो मॅजिस्ट्रेटांच्या डोक्यावर. सरकारी वकील उभे राहिले आणि म्हणाले, आरोपी अंगावर पिणारं मूल घरी टाकून बसली आहे, दोन ओळी लिहून द्यायला तयार नाही. अशा आईबद्दल कोर्टाने काय समजावं? मागच्या बाकांवर चुळबुळ झाली. रखमा कुणाच्या तरी कानाशी लागली. त्यांच्यामध्ये सुंदराबाई नातवाला घेऊन बसली होती. ती कुणाकडेच बघत नव्हती.

शैला उभी राहिली. प्रधानांच्या मागे उभं राहून तिने कितीदा तरी हे ऐकलं होतं. पुढे उभं राहिलं की टेबलाची कड धरावी लागते, हे ठाऊक नव्हतं. ती म्हणाली, आईपणाचा खटला कोर्टापुढे नाही. कोर्टापुढे जमावबंदी मोडल्याचा गुन्हा आहे, आणि तो जामीनपात्र आहे. जामीन हा हक्क आहे. जो हक्क आहे त्याच्यासाठी खेदाची किंमत मागता येत नाही. आरोपीला तारखेला हजर राहण्याचं बंधन मान्य आहे. चुकलं म्हणण्याचं बंधन तिला कायदा घालत नाही.

"आणि मूल?" मॅजिस्ट्रेटनी चष्म्यावरून विचारलं. आवाज कडक नव्हता, दमलेला होता.

"मूल कोर्टात आहे," शैला म्हणाली. "झोपलेलं आहे. कोर्टाने पाहावं."

सगळ्यांनी वळून पाहिलं. लवू आजीच्या मांडीवर उजव्या कुशीवर झोपला होता. तास-दीड तासापूर्वी, वकिलांच्या खोलीच्या मागच्या बोळकांडीत, शैलाने त्याला पोटभर पाजलं होतं. पिंजऱ्यात उभ्या बकुळाने कठड्यावरचे हात घट्ट केले.

मॅजिस्ट्रेटनी बराच वेळ कागद वाचला. मग टाक उचलून त्यांनी त्यावर एक आडवी रेघ ओढली. खेदाची ओळ गेली. साधा जातमुचलका, पुढची तारीख. शिवाची तसबीर मुद्देमालात जमा होती. तीही परत देण्याचा हुकूम त्यांनी शेवटी, न मागता, घातला.

बाहेरच्या व्हरांड्यात बकुळाने एका हातात तसबीर घेतली, दुसऱ्या हाताने पोर. लवू जागा झाला. त्याने आईच्या मानेशी नाक घासलं, थांबला, पुन्हा घासलं. मग रडायला लागला आणि शैलाच्या दिशेला झेपावला. क्षणभरच. बकुळाने त्याला गच्च धरलं, आणि तो तिच्या आवाजाकडे वळला. शैलाने कोटाची बटणं लावली.

सोमवार झाला होता. आता सांगायला हरकत नव्हती. ती सुंदराबाईकडे गेली. पण तोवर चाळीतल्या बायका हार घेऊन पोहोचल्या होत्या, आणि रखमा सगळ्यांना वकिलीण दाखवत होती. "हीच ती बामणीण. साहेबाक गप केल्यान." शैलाने तोंड उघडलं. सुंदराबाईने तिच्या मनगटाला नुसता हात लावला, मग बायकांकडे वळून म्हणाली, "चला गो, पोराक ऊन लागता." आणि सगळ्यांना हाकत जिना उतरून गेली.

त्या रात्री नलूला दूध पुरून उरलं. शैलाला झोप आली नाही. सांगायचं राहून गेलं होतं, आणि आता सांगायला कारणही उरलं नव्हतं.

*

दुसऱ्या दिवशी कोर्टाला सुटी होती. दुपारी नळाला पाणी यायची वेळ. गॅलरीत बायकांची हंडे-कळशांची रांग लागलेली. रांगेच्या टोकाकडून एक आवाज आला.

"वकिलीण खंय रवता गो?"

भांड्यांचा आवाज थांबला. शैला नलूला पाजत होती. तिने तशीच दाराशी येऊन पाहिलं. सुंदराबाई गॅलरीतून येत होती. भर उन्हाची, डोक्यावर पदर, कडेवर लवू. बायका बाजूला होऊन वाट देत होत्या. या चाळीत तिच्यासारखी बाई कडेवर पोर घेऊन कुणाचं घर विचारत आलेली कुणी पाहिली नव्हती.

"बकुळाक दूध नाय," ती दारातूनच म्हणाली. "येयत, दोन दिवसांनी येयत. तवसर ह्यो ऐकणा नाय."

शैलाच्या मागे लक्ष्मी उठून उभी राहिली होती. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो होता, त्याखाली बुद्धाचा, ताजी फुलं वाहिलेला. खोलीत लपवण्यासारखं काही नव्हतं, आणि लपवायला वेळही नव्हता.

"आजी," शैला म्हणाली. "मला तुम्हाला पहिल्याच दिवशी एक सांगायचं होतं."

"माका ठावक आसा."

"काय ठाऊक आहे?"

सुंदराबाईने लवूला दुसऱ्या कडेवर घेतलं.

"पयल्याच दिवशी, वर चढण्याआधी, रखमाक मागे ठेवन रामजीक इचारलंय. कोण वकिलीण, खंयची, पोर अंगावर आसा काय, रवता खंय. त्येणा सगळा सांगल्यान." ती थांबली. "पोराक कोणाच्या पदराखाली देतंय, ता माका नको कळाक?"

शैलाला तो प्रश्न आठवला. तुमच्यात चालता? आणि आपलं उत्तर.

"मग त्या रखमाबाईंना तुम्ही..."

"रखमाच्या तोंडाक कायतरी लागता. दिलंय."

"आणि आज? आज काय सांगून आलात?"

"आज सांगूक काय हा?" सुंदराबाई म्हणाली. "लवूक घेऊन नायगावाक जातंय म्हटलंय. नायगावात कोण रवता, ता तिका ठावक आसा."

ती उंबऱ्याशी उभीच होती. लक्ष्मी पुढे झाली. तिने तिला ये म्हटलं नाही, बस म्हटलं नाही. भिंतीकडेची गोधडी ओढली, झटकली आणि मधोमध अंथरली. सुंदराबाईने चपला काढल्या.

दोन पोरांची अदलाबदल झाली. लवू शैलाच्या पदराखाली गेला, आणि नलू, दूध अर्धवट सोडावं लागल्याने फुरंगटलेली, सुंदराबाईच्या मांडीवर आली. लक्ष्मी समोर बसली होती, डोळे बारीक करून बघत. दोघी म्हाताऱ्या एकमेकींशी बोलत नव्हत्या. बाहेर नळाखाली पुन्हा हंडे सरकू लागले.

"उद्या कोर्ट आसा?" सुंदराबाईने कुणालाच न उद्देशून विचारलं.

"हाय तर," लक्ष्मीनेच उत्तर दिलं. "सकाळी लवकर घेऊन या त्येला. पाजून मंग जाईल कामावर."

शैलाने वर पाहिलं. शाळेचा अर्ज फळीवर होता, नवऱ्याने सकाळी पुन्हा एकदा समोर ठेवलेला. काळा कोट खुंटीवर होता. छातीशी उठलेला पांढरा डाग आईने धुऊन काढला होता, आणि तेवढी जागा अजून ओली होती. लवूच्या गालाला बोट लावून तिने त्याला नीट धरायला लावलं.

नलूने नव्या माणसाचा चेहरा चाचपायला सुरुवात केली होती. आधी नाक, मग हनुवटी. मग आपली मूठ, स्वतःच्याच लाळेने चिंब झालेली, तिने सरळ सुंदराबाईच्या तोंडात घातली.

लक्ष्मीचा हात पुढे आला, काढून घ्यायला.

सुंदराबाईने मान मागे नेली नाही. दात नसलेल्या हिरड्यांनी तिने ती मूठ हळूच धरली, ओढल्यासारखी केली, सोडली, पुन्हा धरली. नलू खिदळली.

लक्ष्मीचा हात तसाच अर्ध्यावर राहिला. मग तिने तो मांडीवर ठेवला आणि बघत राहिली.